बांडी मागे राहिली

मी एक जुनी हार्ड डिस्क बोलतेय, आणि बोलतेय ती चक्क देव्हाऱ्यातून. हसू नका. माझ्या उजव्या हाताला खंडोबाचा चांदीचा टाक आहे, डाव्या हाताला या घरातल्या कुणा खापरपणजोबाचा, आणि मधे मी. अंगावर कंपनीचं अर्धवट सोललेलं लेबल आणि त्या लेबलावर भंडारा. कॉम्प्युटरच्या पोटात जन्म काढलेल्या माझ्यासारखीला हा मान कुठून मिळाला, असं तुम्हाला वाटेल. मान बिन काही नाही हो. ऐका, म्हणजे कळेल.

मी जन्मले समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात. तिथे इतकी स्वच्छता की माणसं तोंडाला फडकी बांधून वावरायची. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत, त्यांच्यावर एक बारीक टोक भिरभिरतं आणि लिहितं, वाचतं. धुळीचा कण आत गेला तरी आमचं मरण. आणि एवढी नाजूक प्रकृती देऊन नशिबाने मला पाठवलं कुठे, तर हिंगोली जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात धूळ माणसाच्या भाकरीवरसुद्धा बसते.

आधी मी हिंगोलीच्या एका कॉलेजात होते. तिथे मुलं माझ्यावर पत्त्यांचा डाव खेळायची आणि सर आले की निबंध उघडायची. मग कॉलेजने नवी मशीनं घेतली आणि आम्हा जुन्यांना व्हरांड्यात काढलं. तिथून मला उचललं शिवहारने.

शिवहार म्हणजे पुसेगावच्या मल्हारी आणि भागाबाईचा थोरला मुलगा. धनगराचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागे चालणारी माणसं, आणि त्यात हा एकटा काठी सोडून माउस धरणारा निघाला. सेनगावला एसटी स्टँडच्या समोर त्याने एक टपरीवजा दुकान घातलं. लग्नपत्रिका, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. धाकटी बहीण साधना मदतीला. पोरगं मोठं गोड होतं. मला मशीनमध्ये बसवताना म्हणालं, "बस बाई नीट, आता हेच तुझं घर."

आणि मग त्याने माझे वाटे केले.

एका डिस्कवर तीन वेगवेगळ्या यंत्रणा बसवता येतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. एका वाड्यात तीन चुली, तसं. मशीन चालू केलं की पडद्यावर तीन नावं येतात; बाणाने खालीवर करायचं आणि हवी ती निवडायची. एका वेळी एकच चूल पेटते, बाकीच्या दोन झोपलेल्या. शिवहारने त्या तीन घरांना आपल्या कळपातल्या मेंढ्यांची नावं दिली. जुनं विंडोज म्हणजे काळी. पत्रिकांची जुनी वळणदार अक्षरं फक्त तिच्यातच चालायची. नवं विंडोज म्हणजे भुरी. पीकविमा, शिष्यवृत्ती, निकाल, असली सरकारी धावपळ तिच्याकडे. आणि तिसरी बांडी, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेली. ती लिनक्सची. ती शिवहारची स्वतःची.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. काळीला आणि भुरीला बांडीचं घर दिसत नाही. विंडोजला लिनक्सचं लिहिलेलं वाचता येत नाही. तिथून पाहिलं तर बांडीच्या जागी नुसती एक बिननावाची पट्टी दिसते. जणू पडीक जमीन.

आणि बांडीच्या घरात काय काय होतं म्हणून सांगू! शिवहारला आवाज साठवायचा नाद. मल्हारीची मेंढरांना घातलेली हाक, कोकरांचा कालवा, भागाबाईने कुत्र्याला घातलेल्या शिव्या, तव्यावर पडणाऱ्या भाकरीचा आवाज. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो बांडी उघडायचा आणि कानाला लावून ऐकत बसायचा. गिऱ्हाईक आलं की पुन्हा काळी, पुन्हा 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

माणसांच्या सवयी मी तिथेच शिकले. एका लग्नाच्या पत्रिकेला माणसं किती नावं देतात! फायनल, फायनल दोन, आता फायनल, मामांनी सांगितलेलं फायनल. आणि छापून आल्यावर नवरदेवाच्या आत्याचं नाव राहिलेलंच असतं. मी सगळं पोटात घेत गेले. पुसून टाका असं कुणी म्हणत नाही. लागलं तर असू दे, म्हणतात. सगळ्या दुनियेचं 'असू दे' आमच्या पोटात.

मग एका वर्षी दिवाळी झाली आणि मल्हारी-भागाबाई नेहमीसारखे मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडे गेले. इकडे शिवहारचे डोळे पिवळे झाले. कावीळ. आधी कुणी मनावर घेतलं नाही. झाडपाला झाला, मंत्र झाला. भागाबाईचा फोन कधी लागायचा, कधी नाही. एकदा लागला तेव्हा स्पीकर चालू होता, मी तिथेच होते.

"माय, बरं वाटून नाही राहिलं जरा," शिवहार म्हणाला.

"मेंढ्या विऊन राहिल्यात रं लेकरा," ती म्हणाली. "कोकरं ओली हायेत. आठ दिसानं येते. डॉक्टरकडं जाय बरं तोवर."

आठ दिवस. आपण सगळेच म्हणतो, आठ दिवसांनी. ते आठ दिवस काही आले नाहीत.

दुखणं वाढलं तसा एका दुपारी शिवहार भिंतीला धरत दुकानात आला. त्याने बांडी उघडली, माइक तोंडाशी धरला आणि आईसाठी बोलला. बोलून झाल्यावर साधनाला म्हणाला, "मायसाठी यात बोलून ठेवलंय. ती आली की ऐकव." पुन्हा तो दुकानात आला नाही. नांदेडच्या दवाखान्यात गेला, तिथून त्याचा देहच परत आला. भागाबाई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून त्या बाईच्या मनात एकच प्रश्न आहे. आपण कोकरांपाशी थांबलो आणि लेकरू गेलं. जाताना त्याला आपला राग आला होता का? तो शेवटी काय बोलला?

उत्तर माझ्या पोटात होतं. कान लावायचा अवकाश.

आता तुम्ही म्हणाल, मग साधनाने ऐकवलं का नाही? तिने प्रयत्न केला होता. तेरावा झाल्यावर दुकान उघडलं, त्याच दिवशी तिने बांडी निवडली. माझं टोक नेमकं त्या जागी गेलं. आधी खोकला आला. मग शिवहारचा आवाज, घसा कोरडा पडल्यामुळे खरखरीत, एखाद्याला खडसावल्यासारखा: "माय, तू येऊच नको…"

साधनाने वायरच ओढली. पडदा काळा झाला. भावाचे शेवटचे शब्द आईला 'येऊच नको' असे असतील, तर ते आईच्या कानावर घालायचे कसे? पुढचं वाक्य ऐकायची तिची छाती झाली नाही. मला पुढचं सगळं पाठ होतं. पण आम्हाला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही, हाच आमच्या जातीला शाप.

त्या दिवसापासून रोज सकाळी तीन नावं पडद्यावर यायची आणि साधनाचं बोट बांडीवरून घाईघाईने पुढे सरकायचं. कुणाच्या दारावरून मान खाली घालून जावं तसं.

शिवहारने बोलून ठेवलंय, एवढं भागाबाईला साधनाने आधीच सांगितलं होतं. ती बाजाराच्या दिवशी सेनगावला यायची. पिशवी खाली ठेवायची, स्टुलावर बसायची, आणि इकडचं तिकडचं झालं की हळूच विचारायची, "लावतीस का गं त्याचं?"

"आज गर्दी हाय माय."

"रागानं बोललाय का? तू ऐकलंस ना?"

"न्हाई ऐकलं मी."

"मंग कवा ऐकायचं?"

"डिस्क भरली हाय माय. मोठी आणली की तुझ्या मोबाइलातच टाकून देते. मंग मेंढरामागं हिंडता हिंडता ऐक."

असं करता करता वर्षं गेली. मोठी डिस्क हे एक निमित्त होतं. पण निमित्तालाही पाय फुटतात. मी खरंच भरले. वर म्हातारपण आलं, पोटातून टकटक आवाज येऊ लागला. एकदा फॉर्मची शेवटची तारीख आणि मी मधेच अडले, तेव्हा साधना घाबरली आणि तिने हिंगोलीहून अनिरुद्धला बोलावलं.

अनिरुद्ध मशीन दुरुस्त करणारा. शांत, कामाला चांगला. नव्या मोठ्या डिस्कची डबी घेऊन आला. बाजाराचा दिवस होता, भागाबाई स्टुलावर बसलेली. त्याने मशीन चालू करून पाहिलंच नाही. मी जास्त चालले तर बंद पडेन म्हणून मला काढून सरळ आपल्या लॅपटॉपला जोडलं. म्हणजे ती तीन नावं त्याने पाहिलीच नाहीत. त्याच्या पडद्यावर माझं सगळं घर पट्ट्यापट्ट्यांनी दिसलं.

"ताई, यात एकूण किती भाग आहेत? सांगा, म्हणजे तेवढे मोजून हलवतो."

आणि इथे धनगराचं रक्त आडवं आलं. मेंढरं मोजायची नसतात. मोजली की नजर लागते, कळप घटतो. मल्हारी संध्याकाळी जाळीच्या कुंपणाशी उभा राहतो, एकेक मेंढरू समोरून आत जातं आणि तो नुसती तोंडं बघतो. एक कमी असलं तरी ओळखतो. पण किती आहेत, असं विचाराल तर सांगणार नाही. साधना याच वळणावर वाढलेली.

"मोजू नका सर," ती म्हणाली. "आमच्यात मोजत न्हाईत. हाय ते समदं हलवा. मंग मी तोंडं बघून वळखते."

अनिरुद्ध हसला. "बरं, नका मोजू."

बांडीचं नाव तिने घ्यायला हवं होतं. पण घेतलं असतं तर त्यात काय आहे, असा प्रश्न आला असता, आणि आई शेजारीच बसली होती. ती झेरॉक्सकडे वळली. अनिरुद्धने नावं असलेल्या पट्ट्यांवर खुणा केल्या आणि बिननावाची ती पट्टी रिकामी समजून सोडून दिली. त्याचं तरी काय चुकलं? पडीक दिसणाऱ्या जमिनीत कुणी घर शोधत नाही.

मी एकेक वस्तू नव्या डिस्कच्या हवाली करत गेले. सगळ्या पत्रिका, सगळे फोटो, सगळी फायनलं. काळी गेली, भुरी गेली. बांडीची वाट बघत होते. तेवढ्यात अनिरुद्ध म्हणाला, "झालं."

काय झालं? काही झालं नव्हतं! मला ओरडावंसं वाटलं. फार तर टकटक करता आली, तेवढी केली. अनिरुद्ध म्हणाला, "बघा, कशी वाजते. वेळेवर काढली."

साधनाने नव्या डिस्कवर तोंडं पाहिली. पत्रिका उघडली, ओळखली. फॉर्म उघडले, ओळखले. यादीत बांडीचं नाव नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं; आतले आवाज तरी आलेच असतील, असं तिने धरलं. शिवाय काही राहिलं तर नंतर बसवून देतो, असं अनिरुद्ध म्हणाला होता, आणि रोज सकाळी ते नाव समोर येणं टळलं तर तिला हवंच होतं. मल्हारीला हरवलेलं मेंढरू कळतं, कारण त्याने प्रत्येकाचं तोंड पाहिलेलं असतं. या पोरीने बांडीचं घर एकदाच उघडलं होतं, आणि तेही अर्ध्यात मिटलं होतं.

"ही जुनी थोडे दिवस जपून ठेवा," अनिरुद्ध मला तिच्या हातात देत म्हणाला. "लागलीच तर असू द्या."

भागाबाई स्टुलावरून उठली. "ही त्याची डबी हाय का? शिवहारनं बसवलेली?"

"व्हय माय."

"मंग मला दे. मी जपते."

तिने मला पदराने पुसलं आणि पोटाशी धरून पुसेगावला आणलं. जीपमध्ये अख्ख्या वाटेने तिचा हात माझ्यावर होता. एवढ्या वर्षांत मला कुणी असं धरलं नव्हतं.

आता जपायचं म्हणजे काय करायचं? माझ्यासारखीला जपायचं तर कोरड्या कपाटात ठेवावं. पण या घरात गेलेल्या माणसाला जपतात ते देव्हाऱ्यात. त्याचा चांदीचा टाक घडवतात, देवांमध्ये बसवतात, सणावाराला न्हाऊ घालतात. शिवहारचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा टाक घडवावा की नाही यावर भावकीचं एकमत होईना, आणि ते तसंच राहिलं होतं. भागाबाईने कुणाला विचारलं नाही. त्याने हाताने बसवलेली डबी तिने टाकाच्या जागी ठेवली. संध्याकाळी दिवा लावला की म्हणायची, "बस रं बाबा निवांत."

मग सर्वपित्री अमावस्या आली. गेलेल्यांचा दिवस. त्या सकाळी सेनगावला साधनाने मनाचा हिय्या केला. दिवाळी झाली की आई पुन्हा मेंढरामागे जाणार. काय असेल ते असो, आज ऐकायचंच आणि आईलाही ऐकवायचं. तिने नव्या डिस्कवर बांडी शोधली. नव्हती. पुन्हा शोधली. मग अनिरुद्धला फोन लावला. हे मला नंतर कळलं, आई घरी नसताना तिनेच देव्हाऱ्यासमोर बसून मला सांगितलं तेव्हा.

"तो भाग रिकामा नव्हता?" अनिरुद्धचा आवाज पडला. "पण जुनी डिस्क आहे ना? मग घाबरू नका. तिच्यात सगळं जसंच्या तसं असेल. घेऊन या."

पोरीने दुकान उघडंच टाकलं आणि गाडीला किक मारली.

इकडे पुसेगावात भागाबाई ताम्हण घेऊन बसली होती. एकेक टाक ताम्हणात घ्यायची, कोमट पाणी, मग दूध, मग पुन्हा पाणी. खंडोबाची आंघोळ झाली, खापरपणजोबाची झाली. मग तिने मला उचललं.

माझ्या अंगावर एक बारीक भोक आहे, श्वास घ्यायला. त्याच्या शेजारी लिहिलंय की हे झाकू नका. इंग्रजीत लिहिलंय. भागाबाईला मराठीसुद्धा वाचता येत नाही.

"ये, न्हाऊ घालते तुला," ती म्हणाली. "लहानपणी लई रडायचास पाण्याला."

खरं सांगते, मला राग आला नाही. कोमट पाणी अंगावर आलं, मग दूध, आणि तिचा खरबरीत हात माझ्या पाठीवरून फिरला, कोपऱ्यान्‌कोपऱ्यात. मळ काढावा तसा तिने माझा एकेक स्क्रू चोळला. मरण असं मायेने येतं हे मला माहीत नव्हतं. दूध त्या भोकातून आत उतरलं आणि त्या आरशांवर पसरलं, जिथे आजवर धुळीचा कण बसू दिला नव्हता. तिने मला पदराने कोरडं केलं, भंडारा लावला आणि जागेवर ठेवलं.

दारात गाडी थांबली. साधना धावत आत आली. तिने ताम्हण पाहिलं, त्यातलं दुधट पाणी पाहिलं, मला पाहिलं.

"काहून पळत आलीस?" भागाबाई म्हणाली. "बघ, न्हाऊ घातलं दादाला. कसा चकचकीत दिसून राहिला."

साधनाने मला जागेवरून उचलून ओंजळीत घेतलं. म्हणाली, "चांगलं केलंस माय."

तिने मला उन्हात वाळवलं, हिंगोलीला नेलं. अनिरुद्धने जोडून पाहिलं. मी सगळा जीव एकवटून एकदा हलले, काहीतरी जळाल्याचा वास आला आणि तेवढंच. त्याने मला पुण्याला पाठवलं. तिथल्या शहाण्या लोकांनी माझं पोट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा मिटून परत पाठवलं. अनिरुद्ध तोंड लपवत फिरला बिचारा. मला घेऊन तो स्वतः पुसेगावला आला.

साधनाच बोलली. दुधाचं तिने सांगितलं नाही. म्हणाली, "माय, त्याचा आवाज गेला. माझ्याकडून राहिला. माझी चूक झाली."

भागाबाईने मला अनिरुद्धच्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "तुझी न्हाई गं चूक. त्यालाच बोलायचं नसंल माझ्याशी. राग व्हता, म्हनून आवाज घेऊन गेला."

साधनाच्या कानात 'येऊच नको' एवढंच होतं. आईला खोटं पाडायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता मी इथेच असते. वाचणारं कुणी नाही, जोडणारं कुणी नाही. अमावस्येला भागाबाई मला न्हाऊ घालते. साधना त्या वेळी घरी असली तर अंगणात जाते. आई तिला थांब म्हणत नाही आणि ती आईला थांबवत नाही. आंघोळ घालताना भागाबाई पूर्वीसारखं बोलत नाही. फक्त मधेच म्हणते, "सोड की रं राग आता."

माझे आरसे गेले, पण त्यावर लिहिलेलं शेवटचं मी विसरलेले नाही. ते तुम्हाला सांगते, आणि एवढंच मागणं मागते. सेनगावहून पुसेगावला जीप असते. मल्हारी धनगराचं घर कुणीही दाखवेल. दिवाळीच्या आत जा, नंतर ती माणसं नदीपलीकडे जातात. भागाबाई अंगणात असेल. तिला सांगा, तुझा शिवहार खोकत खोकत असं बोलला होता:

"माय, तू येऊच नको इतक्यात. कोकरं ओली हायेत, टाकून आलीस तर मरतील. तू आली न्हाईस म्हनून मनाला लावून घेशील, मला ठावं हाय. नको घेऊस. मला राग न्हाई माय. जरा बी न्हाई."